एक विषय सोडू, सगळी टर्म सोडू की घरीच परत येऊ?

पत्राचा सारांश: अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर डेटा सायन्समध्ये एम.एस. करणारी २४ वर्षांची वाचक लिहिते, "बी.ई. मेकॅनिकल पुणे विद्यापीठातून केलं. इथली ही दुसरी टर्म, पंधरापैकी नववा आठवडा चालू आहे. तीन विषय, ९ क्रेडिट. पहिल्या टर्मला बी प्लस, बी आणि ए मायनस मिळाले होते. आता अल्गोरिदम्सच्या मिडटर्मला १०० पैकी ३१ आलेत. असाइनमेंटना सरासरी ७८ आहेत. असाइनमेंटना ३० टक्के, मिडटर्मला ३० आणि फायनलला ४० टक्के वजन आहे. बाकीच्या दोन विषयांत बी मिळेल. डायनिंग हॉलमध्ये आठवड्याला १८ तास काम करते. तीन आठवडे धड झोप नाही, मधूनच छातीत धडधडतं. ग्रेडचं पोर्टल उघडायची भीती वाटते, त्यामुळे वर्गाची सरासरी किती होती तेही पाहिलेलं नाही. एक सीनिअर म्हणतो, पोर्टलवर विथड्रॉचं बटण आहे, दाबून मोकळी हो. मैत्रीण म्हणते, डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) म्हणजे ट्रान्सक्रिप्टवरचा कायमचा डाग, नोकरीच्या वेळी नडतो. मला वाटतं सगळी टर्मच सोडून घरी यावं आणि ऑगस्टमध्ये नव्याने सुरुवात करावी. एका क्रेडिटची फी १,१५० डॉलर आहे आणि बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढलंय. त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही. मी इथे यायलाच नको होतं का?"

तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येऊच, पण आधी एक गोष्ट मनात पक्की कर. ते बटण आज दाबायचं नाही. विषय सोडणं चूक आहे म्हणून नव्हे. क्रम चुकला तर त्याची किंमत विषयाच्या फीपेक्षा कितीतरी मोठी असते, म्हणून.

एफ-१ विद्यार्थ्याला प्रत्येक नियमित टर्ममध्ये पूर्ण वेळ नाव नोंदवलेलं ठेवावं लागतं. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ते १२ क्रेडिट असतात. पदव्युत्तरसाठी विद्यापीठ ठरवतं, बहुतेक ठिकाणी ९. तुझे नेमके ९ आहेत, म्हणजे एक विषय गेला की ६ उरतात. पोर्टल हे रजिस्ट्रारचं आहे, तुझा व्हिसा ते पाहत नाही. ते तुला विनाअट डब्ल्यू देईल. मात्र तुझी क्रेडिट परवानगीशिवाय कमी झाल्याचं कळलं की आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला २१ दिवसांच्या आत सेव्हिस या सरकारी प्रणालीत तशी नोंद करावीच लागते. तुझा स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथे कायदेशीर राहण्याचा हक्क, तिथे संपतो, आणि त्याबरोबर डायनिंग हॉलमधलं कामही बेकायदा ठरतं. उलट विषय न सोडता त्यात एफ मिळाला, तर निव्वळ त्यामुळे स्टेटस जात नाही, कारण तू पूर्ण वेळ नोंदलेली असतेस. नापास होणं व्हिसाला चालतं, पण नापास होऊ नये म्हणून न विचारता विषय सोडणं चालत नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण नियम असाच आहे, आणि दरवर्षी हुशार मुलं इथेच घसरतात. तुझ्या सीनिअरला हे कधी नडलं नसेल, तर बहुधा त्याची क्रेडिट ९ पेक्षा जास्त होती म्हणून.

आता त्या ३१ कडे पाहू. "३१ म्हणजे नापास" हे तू गृहीत धरलं आहेस आणि त्याला कारणही आहे. पुणे विद्यापीठाच्या परीक्षेत ४० च्या खाली म्हणजे विषय राहिला, हे चार वर्षं डोक्यात मुरलेलं असतं. इथे अल्गोरिदम्ससारख्या विषयाचा पेपर अनेकदा मुद्दाम इतका अवघड काढतात की वर्गाची सरासरी ४० च्या आसपास येते आणि ग्रेड त्या सरासरीवरून बसवली जाते. यालाच कर्व्ह म्हणतात. सरासरी ३८ असेल तर तुझे ३१ हे बी मायनसच्या आसपास असू शकतात. सरासरी ७० असेल तर गोष्ट वेगळी. हा एक आकडा माहीत नसताना तू सगळी टर्म सोडायचा विचार करते आहेस. पोर्टल एकटीने उघडवत नसेल तर मैत्रिणीला शेजारी बसव आणि तिलाच तो आकडा वाचायला सांग. पण आजच पाहा.

कर्व्ह नाही असं धरून चालू. असाइनमेंटचे ७८ टिकले तर ३० पैकी २३.४ गुण. मिडटर्मचे ९.३. एकूण ३२.७. सी साठी ७० लागत असतील तर फायनलच्या ४० पैकी ३७.३ हवेत, म्हणजे पेपरात ९३. ज्या विषयात मिडटर्मला ३१ पडले त्यात सहा आठवड्यांत ९३ वर जाणं फार अवघड आहे. बी साठी ८० लागत असतील तर ते आता गणितानेच शक्य नाही. सिलॅबसचा कागद मात्र पुन्हा शब्द न् शब्द वाच. 'फायनल चांगली गेली तर मिडटर्मऐवजी तिचे गुण धरले जातील' किंवा 'सर्वांत कमी गुणांची असाइनमेंट वगळली जाईल' अशी एखादी ओळ बऱ्याच सिलॅबसमध्ये असते, आणि घाबरलेल्या माणसाच्या डोळ्यांना ती दिसत नाही.

मग प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी राखलेल्या वेळेत, जा. आपल्याकडची मुलं तिथे जायला कचरतात, वाटतं की सर रागावतील किंवा आपली अक्कल कळेल. ते तास त्याच कामासाठी ठेवलेले असतात. जाताना मिडटर्मचा पेपर घेऊन जा आणि दोन प्रश्न सरळ विचार: "आजच्या घडीला माझी ग्रेड कुठे आहे?" आणि "फायनलला मी वर्गाच्या सरासरीइतके गुण मिळवले तर शेवटी कोणती ग्रेड बसेल?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं, कारण त्यात कर्व्ह आपोआप येतो. "मी पास होईन का?" असं विचारू नकोस. त्यावर "मेहनत कर" यापलीकडे उत्तर मिळत नाही.

हे उत्तर हातात आलं की जीपीएचा हिशेब मांड. पहिल्या टर्मचे ३.३, ३.० आणि ३.७, प्रत्येकी ३ क्रेडिट, म्हणजे ३० गुणांक आणि जीपीए ३.३३. या टर्मला दोन बी आणि एक एफ आला तर १८ क्रेडिटवर ४८ गुणांक, जीपीए २.६७. दोन बी आणि एक सी आला तर ५४ भागिले १८, बरोबर ३.००. आणि अल्गोरिदम्समध्ये डब्ल्यू घेतला तर ४८ भागिले १५, म्हणजे ३.२०. बहुतेक पदव्युत्तर विभागांत ३.० ही रेषा असते, तिच्या खाली गेलं की प्रोबेशन, म्हणजे ग्रेड सुधारण्याची ताकीद. २.६७ वरून पुढच्या ९ क्रेडिटमध्ये ३.० वर यायला तिन्ही विषयांत ए मायनस लागेल. शिवाय प्रोबेशनला आणखी एक धार आहे. अभ्यासक्रम वेळेत संपला नाही आणि आय-२० ची (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रमाणपत्राची) मुदत वाढवून हवी असेल, तर 'प्रोबेशनमुळे उशीर झाला' हे कारण नियमानुसार ग्राह्यच धरलं जात नाही. म्हणून एफ आणि डब्ल्यू यांतला फरक केवळ अब्रूचा नाही.

सी येण्याची बऱ्यापैकी खात्री प्राध्यापकांनी दिली, तर विषय न सोडण्याचाही विचार करता येईल. त्याआधी विभागाच्या हँडबुकमध्ये पाहा, अल्गोरिदम्स हा तुमच्याकडे कोअर विषय आहे का, आणि कोअरमध्ये किमान बी हवा अशी अट आहे का. असली तर सी मिळवूनही विषय पुन्हा घ्यावा लागेल. मग सहा आठवडे झोप घालवून काय मिळवलं?

डब्ल्यूच्या डागाबद्दल तुझ्या मैत्रिणीला जे वाटतं ते पुष्कळांना वाटतं. टर्मच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत, ॲड-ड्रॉपच्या मुदतीत विषय काढला तर ट्रान्सक्रिप्टवर खूणही राहत नाही आणि फीही बहुधा परत मिळते. त्यानंतर सोडला की डब्ल्यू येतो. तो जीपीएत मोजत नाहीत. नोकरी देणाऱ्या कंपन्या बहुतेक वेळा ट्रान्सक्रिप्ट मागतच नाहीत, मागितलं तर जीपीए पाहतात. एका डब्ल्यूबद्दल पीएच.डी.च्या प्रवेशाला कुणी विचारलंच, तर "मेकॅनिकलमधून आले होते, पूर्वतयारी कमी पडली, पुढच्या वर्षी तोच विषय चांगल्या ग्रेडने केला" हे पुरेसं आणि खरं उत्तर आहे. ट्रान्सक्रिप्टवर चार-पाच डब्ल्यू असतील तर मात्र शंका येते. तुझा हा पहिलाच.

तर परवानगीचा रस्ता. त्याला रिड्यूस्ड कोर्स लोड म्हणतात, बोलताना आरसीएल. अभ्यासातल्या अडचणीवरून मिळणाऱ्या आरसीएलची कारणं नियमात मोजकीच आहेत: सुरुवातीच्या काळात इंग्रजीची किंवा वाचनाच्या ओझ्याची अडचण, अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची ओळख नसणं, आणि चुकीच्या पातळीच्या विषयात नाव घातलं जाणं. 'मला या विषयात वाईट ग्रेड मिळणार आहे' हे कारण या यादीत नाही. 'काम जास्त पडतं' हेही नाही. डीएसओसमोर जाऊन मुलं नेमकं हेच बोलतात आणि नकार घेऊन येतात.

तुझ्या बाबतीत खरं कारण कोणतं? तू मेकॅनिकलची आहेस. डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स हे विषय पदवीला केलेले नसताना सिद्धता लिहायला लावणारा पदव्युत्तर अल्गोरिदम्स तू घेतलास. हे चुकीच्या पातळीच्या विषयात नाव घातल्याचं उघड उदाहरण आहे. तुला हे कारण शोधून काढायचं नाही, ते तुझ्या मार्कलिस्टवर छापलेलं आहे. हाच मुद्दा आधी अकॅडमिक ॲडव्हायझरला सांग, कारण आरसीएलच्या अर्जावर बहुतेक विद्यापीठांत त्यांची शिफारस आणि सही लागते. सोबत बी.ई.च्या विषयांची यादी, अल्गोरिदम्सच्या सिलॅबसमधला 'पूर्वअट' हा भाग आणि मिडटर्मचा पेपर ने.

ही सवलत एका पदवीच्या पातळीवर एकदाच मिळते. म्हणजे एम.एस.च्या दोन वर्षांत एकदा. ती घेतल्यावरही किमान ६ क्रेडिट ठेवावे लागतात, तुझे बरोबर ६ राहतात. त्यामुळे यापुढे या टर्ममध्ये दुसरा कोणताही विषय सोडता येणार नाही, ते दोन बी सांभाळायचे आहेत. पुढच्या टर्मला पुन्हा पूर्ण ९. आणि डीएसओने सेव्हिसमध्ये मंजुरी नोंदवल्याचं लेखी हातात आल्यावरच पोर्टल उघडायचं. तोंडी "हो, चालेल" यावर बटण दाबू नकोस. ॲडव्हायझरची सही ही शिफारस आहे, मंजुरी डीएसओचीच.

वेळ मोजून ठेव. विषय सोडण्याची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात असते, तुमची अकॅडमिक कॅलेंडरवर दिसेल. डीएसओची भेट मिळायला चार-पाच दिवस, अर्ज मंजूर व्हायला आणखी काही दिवस धर. नववा आठवडा म्हणजे आज ईमेल करायला हवा, सोमवारी नाही. तारीख हुकली तर डब्ल्यूऐवजी एफ पदरात पडतो, किंवा डीनकडे विशेष अर्ज करावा लागतो, आणि तो गंभीर आजारपण किंवा घरातल्या दुःखद घटनेशिवाय सहसा मान्य होत नाही.

आता ज्या गोष्टीने तुझा बराच भार उतरेल ती सांगते. तुझं एम.एस. ३० क्रेडिटचं असेल (बहुतेक असतात) तर मूळ बेत ९, ९, ९ आणि ३ असा होता. डब्ल्यू घेतल्यावर तो ९, ६, ९ आणि ६ होतो. टर्म चारच. अखेरच्या टर्ममध्ये पदवीसाठी जेवढे क्रेडिट उरलेत तेवढेच घ्यायला वेगळी परवानगी असते आणि ती या आरसीएलमधून वजा होत नाही. अभ्यासक्रम लांबत नाही, आय-२० ची तारीख बदलत नाही. तुझं नुकसान आहे ते ३,४५० डॉलरचं, आणि ते लहान नाही हे मला कळतं. पण एफ आला असता तरी विषय पुन्हा घेऊन तेवढेच पैसे भरावे लागले असते. अल्गोरिदम्स दर टर्मला असतो की फक्त फॉलमध्ये (ऑगस्टच्या टर्ममध्ये), आणि पुढचा कोणता विषय त्यावर अवलंबून आहे, हे मात्र ॲडव्हायझरकडून लगेच विचारून घे. चार टर्मचा हिशेब यावरच उभा आहे.

काही पळवाटा तुला सुचवल्या जातील, त्यांबद्दल थोडक्यात. टर्मच्या उत्तरार्धात सुरू होणारा ३ क्रेडिटचा एखादा छोटा विषय आधी जोडून मग अल्गोरिदम्स सोडला तर ९ कायम राहतात आणि आरसीएलची गरजच पडत नाही. मार्ग कायदेशीर आहे, मात्र पंधरा आठवड्यांचा विषय सात-आठ आठवड्यांत उरकायचा असतो. झोप उडालेल्या माणसाला मी तो सुचवणार नाही. ऑनलाइन विषय घेणार असशील तर एका टर्ममध्ये एकच विषय, जास्तीत जास्त ३ क्रेडिट, पूर्ण वेळेच्या मोजणीत धरतात. ऑडिट केलेला, म्हणजे ग्रेडशिवाय नुसता बसून ऐकलेला विषय मोजतच नाहीत. आणि इन्कम्प्लीट ही ग्रेड, ज्याचा विषय जवळजवळ पूर्ण झालाय, पास होण्याइतके गुण आहेत आणि आजारपणासारख्या कारणाने शेवटचं थोडं काम राहिलंय, त्याच्यासाठी असते. तू तिथे बसत नाहीस.

सगळी टर्म सोडून घरी येण्याचा विचार वाटतो तितका सोपा नाही. नवव्या आठवड्यात फी परत मिळण्याची मुदत जवळपास सगळीकडे उलटून गेलेली असते, म्हणजे ९ क्रेडिटचे १०,३५० डॉलर गेले आणि ज्या दोन विषयांत बी येतोय तेही गेले. डीएसओच्या संमतीने टर्म सोडली तर अमेरिका सोडायला १५ दिवस मिळतात, न सांगता सोडली तर एकही नाही. परत येताना ५ महिन्यांची मर्यादा आडवी येते. समज २५ मार्चला निघालीस, तर ५ महिने २५ ऑगस्टला भरतात, आणि फॉल टर्म त्याच्या आगेमागेच सुरू होते. त्या आत आलीस तर डीएसओला जुनी नोंद पुन्हा चालू करून घेता येते, त्यासाठी किमान दोन महिने आधी त्यांना कळवावं लागतं. मर्यादा ओलांडली तर नवा आय-२०, पुन्हा ३५० डॉलर सेव्हिस फी, बहुधा पुन्हा मुंबईच्या कॉन्सुलेटची मुलाखत. सीपीटी (शिकत असतानाची इंटर्नशिप) आणि ओपीटी (पदवीनंतरचं काम) या परवानग्यांसाठी सलग एक शैक्षणिक वर्ष पूर्ण वेळ शिकलेलं असावं लागतं, ते वर्षही पहिल्यापासून मोजायला लागतं. ५ महिन्यांच्या आत परतलीस तरी ही टर्म पूर्ण झालेली नसल्याने या उन्हाळ्यात सीपीटीवर इंटर्नशिप होणार नाही. मंजूर आरसीएल असेल तर तू स्टेटस राखलेला धरला जातो, तरी उन्हाळ्याच्या सीपीटीबद्दल त्याच भेटीत विचारून ईमेलवर उत्तर मागून घे.

घरी जाणं हीच आतली गरज असेल, तर तीही मी मोडीत काढत नाही. मेमध्ये टर्म संपली की जा. एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर उन्हाळा ही हक्काची सुट्टी आहे, फॉलला परत नाव नोंदवायचं असलं की झालं. आय-२० च्या दुसऱ्या पानावरची प्रवासाची सही एका वर्षाच्या आतली आहे ना, तेवढं पाहून निघ. सहा आठवडे थांबलीस तर घरही मिळतं आणि सहा क्रेडिटही राहतात.

मात्र हे सगळं तुझी तब्येत सावरण्यासारखी आहे असं धरून लिहिलंय, आणि ते मी इथून ठरवू शकत नाही. तीन आठवडे झोप नसणं आणि छातीत धडधडणं हे परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून द्यायचं नसतं. या आठवड्यातच विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखव. रक्त तपासणी, थायरॉईड, हृदयाचे ठोके हेही पाहू देत. काउन्सेलिंग सेंटरची वेळही घे. विद्यार्थ्यांच्या फीमध्येच काही भेटी धरलेल्या असतात. जगणं नकोसं वाटलं, कुठल्याही क्षणी, तर ९८८ या मदत क्रमांकावर फोन किंवा मेसेज कर, तो चोवीस तास चालतो आणि तिथल्या बोलण्याचा ग्रेडशी काही संबंध नाही.

डॉक्टरांनी विश्रांती आवश्यक आहे असं सांगितलं, तर वैद्यकीय आरसीएल वेगळा असतो. त्यात क्रेडिट अगदी शून्यावरही आणता येतात आणि अमेरिकेत राहून उपचार घेता येतात. एका पदवीच्या पातळीवर मिळून १२ महिने, आणि प्रत्येक टर्मला नवी मंजुरी. इथे एक गोष्ट हमखास चुकते. पत्र परवानाधारक डॉक्टरचं किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं लागतं. काउन्सेलिंग सेंटरमध्ये तुला भेटणारी व्यक्ती अनेकदा समुपदेशक किंवा सोशल वर्कर असते. ती कितीही चांगली असली तरी तिचं पत्र या कामाला पुरत नाही, म्हणून भेट ठरवतानाच विचार. टर्म सोडल्यावर विद्यार्थी विमा चालू राहतो का, हेही विमा कार्यालयाला विचार. काही योजनांत पहिल्या ३१ दिवसांत नाव कमी झालं तर विमा रद्दच होतो. तू त्याच्या पुढे गेलीस, पण हे वाचणारं दुसरं कुणी कदाचित गेलं नसेल.

डायनिंग हॉलचे १८ तास नियमात बसतात, मर्यादा २० ची आहे. तरी सुपरवायझरला सांगून ते १० वर आण. आठवड्याचे ८ तास, सहा आठवडे, म्हणजे ४८ तास. त्यातले निम्मे झोपेला दे. ते पैसे खोलीभाड्यात जात असतील तर हा सल्ला अवघड आहे, मला कल्पना आहे. मग निदान फायनलच्या दोन आठवड्यांपुरते तरी तास कमी करून घे.

ज्यांनी आधीच बटण दाबलं आहे त्यांच्यासाठी: लाजून गप्प बसू नका, आजच डीएसओकडे जा. नोंद अजून ताजी असेल तर रजिस्ट्रार कधीकधी विषयात परत घेतात. स्टेटस गेलाच असेल तर आय-५३९ हा अर्ज करून तो परत मागता येतो, साधारण ५ महिन्यांच्या आत आणि मधल्या काळात बेकायदा काम केलेलं नसेल तर. आधी विचारलं असतं तर डीएसओला परवानगी देता आली असती, अशा प्रकरणांसाठी नियमात तशी तरतूद आहे. निकाल लागेपर्यंत कॅम्पसवरचं कामही बंद ठेवा.

तिथेच जन्मलेल्या किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मराठी मुलांना व्हिसाचा प्रश्न नसतो, त्यांच्यापुढे संघीय मदतीचा, म्हणजे शिक्षणासाठी केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या पैशांचा असतो. टर्मचे ६० टक्के दिवस होण्याआधी सगळे विषय सोडले तर मदतीचा काही भाग परत करावा लागतो, म्हणून तारीख मोजून फायनान्शियल एड कार्यालयात आधी विचारा. डब्ल्यू जीपीएत नसला तरी 'घेतलेल्या क्रेडिटपैकी किती पूर्ण केले' या मोजणीत तो येतो. ब्रिटन, जर्मनी, कॅनडा इथले नियम पूर्ण वेगळे आहेत, हे उत्तर तिकडे लावू नका.

आता बाबा. त्यांना सांगितलं नाहीस याचं कारण समजतं. घर तारण आहे, त्यामुळे ३१ हा आकडा तुला घराच्या कागदावर लिहिल्यासारखा दिसतोय. विद्यापीठ त्यांना काही कळवणार नाही, १९७४ च्या फेर्पा कायद्याने तुझ्या ग्रेड तुझ्या मालकीच्या आहेत. बँक मात्र पुढचा हप्ता सोडण्याआधी बहुधा मार्कशीट मागते, आणि बाबा सहकर्जदार असतील तर ती चौकशी त्यांच्याकडेही जाऊ शकते. शाखेतून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं. फोन मात्र हिशेब हातात आल्यावर कर. "बाबा, माझं जमत नाहीये" असं सुरू केलंस तर तिकडे आईचीही झोप उडेल. "एक विषय या टर्मला सोडून पुढच्या वर्षी घेते आहे. पदवी ठरलेल्या वेळीच मिळेल. ३,४५० डॉलर जास्त लागतील, ते पुढच्या वर्षी लागतील," एवढं सांग आणि मग तब्येतीचंही खरं सांग. बँकेला अभ्यासक्रम लांबल्याचं कळवायची वेळ तुझ्यावर येणार नाही. ज्यांच्यावर येईल त्यांनी विद्यापीठाचं पत्र घेऊन परतफेडीचे हप्ते सुरू होण्याआधीच शाखेत जावं. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रम पूर्ण करायला २ वर्षांपर्यंत मुदतवाढ देण्याची सोय आहे. खासगी वित्तसंस्थांचे करार निराळे असतात, तो कागद वाचावाच लागतो.

तू तिकडे जायलाच नको होतं का? पहिल्या टर्मचे तुझे ग्रेड 'नाही' असं सांगतात. एका विषयाची पूर्वतयारी राहून गेली होती, ती भरून काढता येते. उन्हाळ्यात इंडक्शनने सिद्धता, रिकरन्स सोडवणं, ग्राफ आणि बिग-ओ एवढे चार भाग कर. रोज दीड तास, आठ आठवडे, आणि हातात पेन घेऊन. व्हिडिओ पाहून हा विषय येत नाही. फॉलला अल्गोरिदम्सबरोबर त्याच वजनाचा दुसरा विषय घेऊ नकोस. आणि पहिली असाइनमेंट परत आली की, गुण कितीही असोत, त्याच आठवड्यात ऑफिस अवर्सना जा.